कारखान्यात मिळतो तो मास्क टीबी वॉर्डात का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की साथरोगांच्या तयारीचा आढावा घेतल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात. खाटा किती, औषधे किती, ऑक्सिजनची सोय काय, आणि शेवटी एका ओळीत मास्कचा साठा पुरेसा असल्याचा खुलासा. या शेवटच्या ओळीबद्दल मला लिहायचे आहे.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पेंट शॉपचा सुपरवायझर आहे. माझी पत्नी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे आणि गेली बरीच वर्षे तिची ड्यूटी टीबी वॉर्डात आहे. कामावर गेल्यावर दोघांनाही नाकातोंडावर मास्क लावावा लागतो. रंगाचे फवारे आणि पॉलिश पेपरची धूळ यांच्यापासून वाचण्यासाठी मला कंपनीने जो मास्क दिला आहे, तो क्षयाच्या जंतूंपासून वाचण्यासाठी तिला मिळणाऱ्या मास्कपेक्षा कितीतरी टिकाऊ आणि चेहऱ्यावर चपखल बसणारा आहे. हे मला फार दिवसांपासून खटकते. कारण तिच्या वॉर्डातला धोका माझ्या शॉपमधल्या धोक्यापेक्षा लहान नाही.

माझा मास्क सिलिकॉनचा आहे. आम्ही त्याला हाफ मास्क म्हणतो, कारण तो नाकाच्या वरच्या भागापासून हनुवटीखालपर्यंतच येतो. दोन्ही गालांच्या बाजूला दोन फिल्टर बसतात, अर्धा फेरा फिरवला की खटकन लॉक होतात. समोर श्वास बाहेर टाकायचा व्हॉल्व्ह असतो, त्यात रुपयाच्या नाण्याएवढी रबराची पातळ चकती. डोक्यामागून आणि मानेमागून दोन पट्टे. स्प्रे बूथमध्ये जाताना रसायनांच्या वाफेसाठी कोळशाचे कार्ट्रिज लावतो, नुसते घासकाम असेल तर धुळीचा फिल्टर. धुळीच्या चांगल्या फिल्टरवर पी-100 लिहिलेले असते. तो बारीक कणांपैकी 99.97 टक्के कण अडवतो. रुग्णालयात लागेल तो हाच, कोळशाच्या कार्ट्रिजचा तिथे उपयोग नाही. क्षयाचा किंवा फ्लूचा जंतू हवेत तरंगतो तो अतिसूक्ष्म थेंबात किंवा तो थेंब सुकून उरलेल्या कणात, आणि फिल्टरच्या दृष्टीने तोही एक कणच.

बूथमध्ये पाऊल टाकण्याआधी प्रत्येक माणसाने दोन गोष्टी करायच्या, असा आमच्याकडे दंडक आहे. फिल्टरची तोंडे तळहाताने दाबून श्वास आत ओढायचा. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच चिकटून राहिला पाहिजे. मग व्हॉल्व्हवर तळहात ठेवून हलकेच श्वास सोडायचा. मास्क थोडा फुगला पाहिजे, पण कडेने कुठेही हवा सुटता कामा नये. दहा सेकंदांचे काम आहे. हे न करता कोणी बूथचे दार उघडले तर मी त्याला परत पाठवतो, मग तो कितीही जुना असो. दाढीचे खुंट असले तरी परत, कारण केसांमधून हवा सरळ आत येते.

शिवाय मास्क देताना फिट टेस्ट होते. डोक्यावर पारदर्शक टोप घालतात, मास्क लावलेलाच असतो, आणि टोपाच्या भोकातून एक अतिशय कडू द्रव फवारतात. मग मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, खोल श्वास, मोठ्याने बोलणे. तोंडात कडू चव आली की मास्क नापास, दुसरे माप आणा. लहान, मध्यम, मोठे अशी तीन मापे असतात. आमच्या शॉपमध्ये हेल्परलाही या टेस्टशिवाय काम देत नाहीत.

माझ्या पत्नीची आजवर एकदाही फिट टेस्ट झालेली नाही. तिच्या ओळखीतल्या एकाही सिस्टरची झालेली नाही. खोक्यातून एन-95 निघतो तो एकाच मापाचा. नर्सिंगमध्ये बहुसंख्य स्त्रिया, त्यातल्या अनेकींचे चेहरे लहान आणि निमुळते. नाकापाशी पत्र्याची पट्टी दाबून दाबून बसवायची, तरी चष्म्यावर वाफ येते. चष्म्यावर वाफ येते याचा अर्थ हवा वरच्या फटीतून ये-जा करते आहे. कागदावर 95 टक्के कण अडवणारा मास्क त्या फटीमुळे किती अडवत असेल, याचे उत्तर कोणाकडेच नाही, कारण तपासलेलेच नाही.

करोनाच्या पहिल्या वर्षी आमच्या घरात काय चालले होते तेही सांगतो. 9 मार्च 2020 ला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. 13 मार्चला केंद्राने मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत टाकले. त्याआधीच, मार्चच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेने जगभरात दर महिन्याला 8 कोटी 90 लाख मेडिकल मास्क लागतील असा अंदाज दिला होता. एवढे मास्क कोठून येणार होते? पत्नीला एक एन-95 मिळे आणि पुढचा कधी मिळेल याचा भरवसा नसे. ती तो खाकी कागदाच्या पिशवीत घालून, पिशवीवर पेनने तारीख लिहून गॅलरीतल्या दोरीला अडकवायची. दोरीवर तशा पिशव्या ओळीने लटकत असत, आज ही, उद्या ती. एकाचे इलॅस्टिक तुटले तेव्हा तिने ते स्टेपलरने जोडले. नाकाच्या दांड्यावर जखम झाली, तिथे चिकटपट्टी लावून त्यावर पुन्हा मास्क. त्या चिकटपट्टीमुळे फट आणखी वाढत होती हे मला दिसत होते, पण तिला दुसरा पर्याय नव्हता.

एक दिवस ती म्हणाली, "अहो, तुमच्या कंपनीतला तो रबरी मास्क मला का नाही मिळत? तो तर धुता येतो ना?"

हाच प्रश्न मी आज आपल्यामार्फत सार्वजनिक आरोग्य विभागाला आणि महापालिकांच्या आरोग्य खात्यांना विचारतो आहे.

एन-95 का धुता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. त्याच्या आत पॉलिप्रॉपिलीनच्या अत्यंत बारीक तंतूंचा थर असतो आणि त्या तंतूंवर विद्युतभार दिलेला असतो. कण नुसता जाळीत अडकत नाही, विद्युतभाराने ओढला जातो. म्हणूनच मास्क पातळ असूनही काम करतो आणि श्वास घेणे फार जड जात नाही. साबणाचे पाणी किंवा स्पिरिट लागले की तो भार उतरतो. मास्क दिसायला तसाच राहतो, पण त्याची ताकद गेलेली असते. हे तंत्र विकसित करणाऱ्यांपैकी पीटर त्साय 2020 साली निवृत्त होते. एन-95 पुन्हा कसा वापरता येईल याचे जगभरातून इतके प्रश्न येऊ लागले की ते निवृत्ती सोडून पुन्हा प्रयोगाला लागले. एकदाच वापरायची वस्तू पुन्हा वापरण्यासाठी अख्ख्या जगाने अक्कल पणाला लावली, आणि मुळातच धुऊन वापरण्यासाठी बनवलेली वस्तू आमच्या स्टोअरच्या फळीवर होती.

हे काही मला सुचलेले खूळ नाही. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या रुग्णालयाने 2009 च्या स्वाइन फ्लूमध्ये एन-95 तुटवड्यात गेले तेव्हा असे मास्क घेतले आणि साथ ओसरल्यावरही ते वापरात ठेवले. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला खास क्षयासाठी असलेले सरकारी रुग्णालय आहे, तिथे तर साथ असो-नसो, रोजच्या कामात हेच मास्क वापरतात. या दोन्ही ठिकाणांचा अनुभव तिथल्या नॅशनल अकॅडमीज या वैज्ञानिक संस्थेच्या 2018 च्या अहवालात आला आहे. मग करोनात पिट्सबर्गच्या अॅलेघेनी हेल्थ नेटवर्कने आपल्या रुग्णालयांत हाफ मास्क वाटले. महिन्याभरात तिथे एन-95 वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या 95 टक्क्यांनी खाली आली, आणि एन-95 विकत घेत राहण्यापेक्षा महिन्याचा खर्च दहापटीने कमी पडला, असे त्यांच्या डॉक्टरांनी शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले आहे.

2009 चा स्वाइन फ्लू पुणेकरांना वेगळा सांगायला नको. देशातला त्या साथीचा पहिला बळी 3 ऑगस्टला पुण्यातच गेला, शाळेत जाणारी चौदा वर्षांची मुलगी. नायडूसमोर तपासणीसाठी रांगा, तोंडाला रुमाल बांधून फिरणारे शहर, औषधांच्या दुकानांत मास्कचा खडखडाट. मेरीलँडने त्याच साथीतून जे घेतले ते 2020 मध्ये त्यांच्या हाताशी होते. आपण तीच साथ अनुभवली आणि अकरा वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून मास्क शोधायला निघालो. राज्य सरकारने ऑक्टोबर 2020 मध्ये एन-95 ची किंमत 19 ते 49 रुपयांच्या दरम्यान बांधून दिली, हे चांगलेच केले. पण तोवर साथीचे सात महिने गेले होते.

आता आक्षेपांकडे येतो. पत्नीने तिच्या वरिष्ठांपुढे हा विषय काढला तेव्हा जी उत्तरे मिळाली त्यातली काही रास्त आहेत.

पहिले उत्तर व्हॉल्व्हचे. माझ्या मास्कमध्ये आत येणारी हवा गाळली जाते, बाहेर जाणारी नाही. पेंट शॉपमध्ये त्याने काही बिघडत नाही. पण करोनासारख्या आजारात लक्षणे नसलेली नर्सही जंतू बाहेर सोडू शकते. जुलै 2020 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी व्हॉल्व्हच्या एन-95 बद्दल राज्यांना सावध केले होते ते याचसाठी. उघड्या जखमेवर ओणवून काम करणाऱ्या सर्जनने तर असा मास्क घालूच नये. पण यावर उत्तर निघालेले आहे. 2020 च्या अखेरीपासून व्हॉल्व्ह नसलेल्या हाफ मास्कना अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेसाठी असलेल्या सरकारी संस्थेची मान्यता मिळू लागली, त्यात श्वास बाहेर जातो तोही फिल्टरमधूनच. आणि क्षयाच्या वॉर्डात तर हा प्रश्न बराच हलका होतो, कारण तिथे भीती रुग्णाकडून नर्सला आहे, आणि रुग्णाने साधा सर्जिकल मास्क लावणे हा नियम आहेच.

दुसरे उत्तर, बोललेले ऐकू येत नाही. हे खरे आहे. आम्ही शॉपमध्ये हातवाऱ्यांवर भागवतो, वॉर्डात तसे भागत नाही. ऐकायला कमी येणाऱ्या आजोबांना गोळ्यांच्या वेळा समजावून सांगायच्या असतात. रुग्ण बिचकतात हेही खरे, दोन डबे लावलेला चेहरा पाहून लहान मूल रडेल. पण माणसे सरावतात. पीपीई किटमधल्या माणसाला पाहूनही आपण आधी दचकलो होतो, नंतर किटच्या पाठीवर नावे लिहून एकमेकांना ओळखू लागलो.

तिसरे उत्तर ऐकून मात्र मला राग आला. धुणार कोण? अहो, याच रुग्णालयात हाताने दाबून श्वास देण्याची अॅम्ब्यू बॅग, भूल देण्याचे मास्क, व्हेंटिलेटरच्या नळ्या अशा सिलिकॉनच्या आणि रबराच्या वस्तू रोज धुतल्या जातात, निर्जंतुक होतात, पुन्हा रुग्णाच्या तोंडाला लागतात. त्यासाठी सीएसएसडी नावाचा विभाग आहे. रुग्णाच्या तोंडाला लावायचा मास्क धुता येतो आणि नर्सच्या तोंडाला लावायचा धुता येत नाही, हे मला पटत नाही.

आमच्याकडे कसे करतात ते लिहितो, त्यात काही अवघड नाही. फिल्टर काढून बाजूला ठेवायचे, ते पाण्यात कधीच बुडवायचे नाहीत, वरचे प्लॅस्टिक ओल्या फडक्याने पुसायचे. व्हॉल्व्हची चकती सोडवून घ्यायची. कोमट पाण्यात सौम्य साबण, मऊ ब्रश. पाणी हाताला सोसवेल एवढेच गरम, उकळते नाही, नाहीतर मास्कचे भाग बिघडू शकतात. रुग्णालयात याच्यापुढे पातळ केलेल्या हायपोक्लोराइट या जंतुनाशकाची एक पायरी वाढेल आणि मग स्वच्छ पाण्याने खळखळून धुणे, कारण त्याचा अंश राहिला तर गालाची कातडी जळजळते. सावलीत वाळवायचे. जोडताना चकतीखाली केस किंवा धागा अडकलेला नाही ना, हे उजेडात धरून बघायचे. आमच्या पीपीई रूममध्ये नंबर टाकलेल्या हुकांवर मास्क टांगलेले असतात, ज्याचा त्याचा नंबर. हे काम करणारा मुलगा दहावी पास आहे आणि अतिशय चोख काम करतो. रुग्णालयासाठी फिल्टर निवडताना एवढेच पाहावे की तो बाहेरून कडक प्लॅस्टिकच्या डबीत असावा. मऊ कापडी चकतीसारखे फिल्टर स्वस्त पडतात, पण ते धड पुसता येत नाहीत.

पैशांचा हिशेब मी माझ्या परीने केला आहे. एन-95 सरकारी खरेदीत 25 रुपयांना पडतो असे धरा. दर ड्यूटीला नवा द्यायचा म्हटले तर वर्षाला एका नर्समागे सात हजारांच्या आसपास जातात. आमच्या खरेदी विभागाला हाफ मास्क फिल्टरच्या जोडीसह दोन-अडीच हजारांत पडतो. पुढच्या वर्षी लागतात ते फक्त फिल्टर आणि एखादी व्हॉल्व्हची चकती. शिवाय वापरलेला एन-95 पिवळ्या पिशवीत जातो आणि पिवळी पिशवी जाळण्याच्या भट्टीत. तो खर्च आणि तो धूर वेगळाच. माझ्या हिशेबाला कोणी म्हणेल की रुग्णालय दर ड्यूटीला नवा एन-95 देतच नाही, त्यामुळे एवढा खर्च होतच नाही. बरोबर आहे. ती बचत नर्सच्या फुप्फुसांतून होते.

हाफ मास्क म्हणजे जादू आहे असेही मी म्हणत नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत एन-95 ला आणि हाफ मास्कला संरक्षणाचा आकडा एकच दिला आहे, 10, म्हणजे नीट बसला तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा किमान दहापट स्वच्छ. सगळी मेख 'नीट बसला तर' इथे आहे. तीन मापांतून निवडलेला, तपासून दिलेला, दोन तळहातांनी रोज पडताळता येणारा मास्क नीट बसण्याची शक्यता जास्त, आणि तो तिसऱ्या दिवशी ढिला पडत नाही. खिडक्या उघड्या ठेवणे, वारा खेळता ठेवणे, खोकणाऱ्या रुग्णाला वेळेत वेगळा करणे, ही कामे त्याआधीची. केंद्राच्या 2010 च्या हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या मार्गदर्शक सूचनांतही ती आधीच येतात. पण बेडका घेताना, तोंडात नळी घालताना नर्स आणि रुग्ण यांच्यात हातभर अंतर असते. तिथे खिडकी पुरत नाही.

सुरुवात टीबी वॉर्डापासूनच करा, साथीची वाट पाहू नका, हे माझे मुख्य म्हणणे आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. 2012 च्या सुरुवातीला मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी हाताशी असलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणारे क्षयरुग्ण जगापुढे आणले. एमडीआर, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणारा क्षय, हा शब्द पत्नीच्या वॉर्डातल्या मावशींनाही ठाऊक आहे. हा आजार कॅलेंडर बघून येत नाही, तिथे साथ रोजचीच आहे. तिथल्या डॉक्टरांना, सिस्टर-ब्रदरना, मावशी-मामांना, एक्स-रे आणि थुंकी तपासणाऱ्या तंत्रज्ञांना आज हे मास्क दिले, तर वापराची, धुण्याची, तपासण्याची घडी बसेल. उद्या नवा फ्लू किंवा आणखी काही आले की हीच माणसे बाकीच्यांना शिकवतील. गोदामात ठेवलेल्या एन-95 च्या पेट्यांचे तसे नाही. त्यांचे इलॅस्टिक पडून पडून कुजते. अमेरिकेच्या राष्ट्रीय साठ्यातले अनेक मास्कही 2020 मध्ये मुदत उलटलेले निघाले होते.

मावशी-मामांचा उल्लेख मी मुद्दाम केला. कंत्राटी कर्मचाऱ्याला बहुधा सर्वांत शेवटी आणि सर्वांत हलका मास्क मिळतो. थुंकीची भांडी रिकामी करणारा माणूस तोच असतो. यादी करताना त्याचे नाव डॉक्टरांच्या नावाबरोबरच यावे.

आरोग्य विभागाने पुढच्या खरेदीत एका जिल्ह्याच्या टीबी वॉर्डापुरते तरी हाफ मास्क घेऊन पाहावेत. तीन मापांत घ्यावेत, फिल्टरच्या सुट्या जोड्या आणि व्हॉल्व्हच्या चकत्या त्याच ऑर्डरमध्ये घ्याव्यात, आणि पुरवठादाराकडून फिट टेस्ट करून देण्याची अट निविदेतच घालावी. आमच्या कंपनीच्या खरेदी आदेशात ती असते. एवढे होईपर्यंत निदान आहेत त्या एन-95 ची फिट टेस्ट तरी सुरू करावी. त्याला लागतो एक टोप, एक फवारणी आणि माणशी अर्धा तास. कोणत्याही रुग्णालयाला हे काम प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ते रोज करणारे सेफ्टी ऑफिसर ढिगाने आहेत. आरोग्य विभागाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला एक पत्र पाठवले तरी माणसे मिळतील. सुट्टीच्या दिवशी मी स्वतः यायला तयार आहे.

आपला,
एक वाचक
(पेंट शॉप सुपरवायझर, भोसरी, पुणे)